लेक म्हणाली, "आई, तू मला गॅसलाइट करतेयस"

ताई, नमस्कार. मी साताऱ्याची, बँकेतून रिटायर झालेय. मुलगी २७ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. मागच्या महिन्यात फोनवर बोलता बोलता तिच्या दहावीनंतरचा विषय निघाला. ती म्हणे, तुम्ही दोघांनी मला चित्रकलेकडे जाऊ दिलं नाही, बळंच सायन्सला घातलं. मला तर पक्कं आठवतंय, सायन्सचा फॉर्म तिनं स्वतःच्या हातानं भरला होता. मी म्हणलं, अगं असं काही झालंच नव्हतं, तू मनाचं काहीतरी धरून बसलीयस. तर ती एकदम म्हणाली, आई तू मला गॅसलाइट करतेयस, आणि फोन ठेवला. मला आधी वाटलं गॅसचं काही म्हणतेय. मग नेटवर बघितलं तर नवरा बायकोला वेडं ठरवतो, मानसिक छळ, असलं सगळं आलं. मी पोरीचा छळ केला का हो? मिस्टर म्हणतात सोड, आजकालच्या पोरांची फॅशन आहे. मला झोप नाही. हा शब्द आला कुठून, त्याचा खरा अर्थ काय, आणि आता मी तिच्याशी बोलू कशी? नाव छापू नका.

काकू, नमस्कार.

तुमची झोप ज्या प्रश्नानं उडालीय त्याचं उत्तर आधी देते. तुम्ही लिहिलंय तेवढंच जर घडलं असेल तर नाही, तुम्ही मुलीचा छळ केलेला नाही आणि हा शब्द ज्यासाठी जन्माला आला ते तर अजिबात केलेलं नाही. पण म्हणून मुलगी खोटं बोलतेय किंवा उगाच तोंडाला येईल ते बोलतेय असंही मला वाटत नाही, आणि तुमच्या मिस्टरांचं "फॅशन आहे" हे तर मला मुळीच पटलेलं नाही, त्यावर पुढे बोलते. आधी शब्दाची गोष्ट सांगते, जरा सविस्तर सांगते, कारण ती नीट कळली की तुमच्या बाकीच्या दोन प्रश्नांचं अर्धं काम होईल.

तुम्हाला गॅस म्हणजे शेगडी आठवली त्यात काहीच नवल नाही, आणि तसं बघितलं तर तुम्ही फार लांब नव्हतात, कारण शब्दातला गॅस खरोखरचाच गॅस आहे. विजेचे दिवे येण्याच्या आधी घरात आणि रस्त्यावर गॅसचे दिवे असायचे, कोळशापासून कारखान्यात गॅस काढायचे आणि तो जमिनीखालच्या पाइपांतून घरोघरी जायचा. आपल्या मुंबईतही १८६५ मध्ये रस्त्यांवर असे दिवे लागले होते. लंडनमध्ये तर चांगल्या घरांत भिंतीभिंतीला गॅसचा दिवा. आणि या दिव्यांची एक खोड होती, एकाच पाइपावर चार दिवे असले आणि वरच्या खोलीत कुणी आणखी एक पेटवला की खालच्या दिव्याची ज्योत बारीक व्हायची, जसं वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की खालच्या नळाची धार बारीक होते तसं. ही एवढीशी गोष्ट लक्षात ठेवा, सगळं तिच्यावरच उभं आहे.

१९३८ साली पॅट्रिक हॅमिल्टन नावाच्या इंग्रज लेखकानं एक नाटक लिहिलं, नाव "गॅस लाइट". डिसेंबरमध्ये लंडनजवळच्या रिचमंडच्या थिएटरात ते पहिल्यांदा झालं. काळ मात्र नाटकातला जुना, १८८० चं लंडन, बाहेर धुकं, आत एक नवरा-बायको, जॅक आणि बेला मॅनिंगहॅम. नवरा दिसायला एकदम सभ्य, गोड बोलणारा. पण घरात वस्तू गायब होतात. भिंतीवरची तसबीर नाहीशी होते, बिल नाहीसं होतं, दागिना नाहीसा होतो, आणि दर वेळी तो बेलालाच विचारतो, तू कुठं लपवलंस, का लपवलंस, तुला आठवत कसं नाही. ती रडते, शपथा घेते, आणि मग ती वस्तू अशा जागी सापडते की तिचं तिलाच वाटायला लागतं की आपणच ठेवली असणार. वरून तो तिला आठवण करून देत राहतो की तुझी आई वेडी होऊन गेली होती, तूही त्याच वाटेवर आहेस. नोकरांसमोर तिचा अपमान करतो. तिनं बाहेर कुणाला भेटू नये, कुणाशी बोलू नये याची पद्धतशीर काळजी घेतो.

आणि रोज रात्री तो घराबाहेर पडतो. तो गेला की थोड्या वेळानं बेलाच्या खोलीतला दिवा बारीक होतो आणि वरच्या बंद मजल्यावर पावलांचा आवाज येतो. तो परत यायच्या जरा आधी दिवा पुन्हा मोठा होतो. बाई हे रोज बघतेय, रोज ऐकतेय, पण कुणाला सांगणार, कारण आपल्यालाच भास होतात हे तिच्या डोक्यात आता पक्कं बसलंय.

खरं असं असतं की नवरा बाहेर जायचं नाटक करून मागच्या बाजूनं त्याच घराच्या वरच्या मजल्यावर चढतो आणि तिथं गॅसचा दिवा लावून काहीतरी शोधत बसतो. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच घरात त्यानं एका म्हातारीचा खून केलेला असतो, तिच्या माणकांसाठी, आणि ती माणकं काही त्याला सापडलेली नसतात. म्हणून बायकोच्या पैशानं तेच घर घेतलंय आणि आता बायको वेडी ठरली, वेड्यांच्या इस्पितळात गेली की त्याचं रान मोकळं.

बेला सुटते कशी, तर एक म्हातारा रिटायर झालेला पोलीस अधिकारी घरी येतो. तो तिच्याशी बोलत असताना दिवा बारीक होतो, आणि तोही बघतो. मला विचाराल तर अख्ख्या नाटकातली सगळ्यात मोठी गोष्ट ही. इतके दिवस जे फक्त तिला दिसत होतं ते आता दुसऱ्या माणसाला दिसलं. त्यानं तिला काही औषध दिलं नाही, उपदेश केला नाही, फक्त तिच्याबरोबर दिव्याकडे बघितलं आणि सांगितलं की हो, बारीक झालाय. शेवटी नवरा पकडला जातो, खुर्चीला बांधलेला असतो आणि तिला म्हणतो मला सोडव, तेव्हा ती म्हणते मी कसं सोडवू, मी तर वेडी ना. वाचताना अंगावर काटा येतो.

हे नाटक तुफान चाललं. अमेरिकेत १९४१ मध्ये दुसऱ्या नावानं ब्रॉडवेवर आलं आणि तिथं त्याचे १,२९५ प्रयोग झाले. १९४० मध्ये त्यावर ब्रिटिश सिनेमा निघाला, १९४४ मध्ये हॉलिवूडचा निघाला, त्यात इंग्रिड बर्गमन आणि शार्ल बॉयर, बर्गमनला त्या कामासाठी ऑस्कर मिळालं. सिनेमात नावं बदलली, खून झालेली बाई नायिकेची मावशी झाली, पण दिवा तोच, बारीक होणारा. लोकांच्या डोक्यात राहिला तो हाच सिनेमा. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, "तू मला गॅसलाइट करतोयस" असं नाटकात कुणीही म्हणत नाही. तिथं गॅसलाइट म्हणजे फक्त दिवा. त्याचं क्रियापद लोकांनी नंतर केलं, आणि ते व्हायला बरीच वर्षं गेली.

१९५० च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमध्ये कुणाला तरी मुद्दाम भ्रमात पाडण्याला गॅसलाइटची ट्रीटमेंट म्हणायला लागले. १९६० च्या दशकात हे अभ्यासकांच्या लिखाणात दिसायला लागलं. १९६९ मध्ये "द लॅन्सेट" या डॉक्टरांच्या मोठ्या साप्ताहिकात बार्टन आणि व्हाइटहेड या दोन डॉक्टरांनी एक लेख लिहिला, त्यात अशा केसेस होत्या की माणूस आजारी नाहीये पण घरातल्या किंवा आसपासच्या लोकांनी डाव रचून त्याला मनोरुग्ण ठरवायचा प्रयत्न केला. म्हणजे नाटकातली गोष्ट नुसती नाटकातली नव्हती. १९८१ मध्ये मानसोपचारवाल्यांनी यावर आणखी लिहिलं. नंतर बायकांच्या घरगुती छळावर काम करणाऱ्या लोकांना हा शब्द फार उपयोगी पडला, कारण मार दिसतो, वळ दिसतात, पण हे दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला नाव नसेल तर ती बाई सांगणार काय? "तो मला मारत नाही, पण मला वाटतं मी वेडी होतेय" एवढंच. नाव मिळालं तेव्हा कित्येक बायकांना पहिल्यांदा कळलं की हे माझ्या एकटीचं नाही.

त्यानंतर मग इंटरनेट. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वर्षात राजकारणी लोक धडधडीत खोटं बोलतात आणि वर जनतेलाच म्हणतात तुम्ही चुकीचं ऐकलंत, याला लोक गॅसलाइटिंग म्हणायला लागले, त्या वर्षी अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषेच्या अभ्यासकांच्या संस्थेनं हा सगळ्यात उपयोगी शब्द म्हणून निवडला. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या वर्षाच्या शब्दांच्या यादीत होता, त्या वर्षी जिंकला "टॉक्सिक", तोही तुमच्या मुलीच्या तोंडी तुम्ही ऐकला असणारच. २०२१ मध्ये तर "गॅसलाइट, गेटकीप, गर्लबॉस" असं एक थट्टेचं वाक्य सगळीकडे फिरत होतं, म्हणजे तोवर शब्द इतका घरचा झाला होता की त्याच्यावर जोक व्हायला लागले. आणि २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीनं तो वर्षाचा शब्द जाहीर केला, त्यांच्या साइटवर तो शोधण्याचं प्रमाण त्या वर्षात १,७४० टक्क्यांनी वाढलं होतं. तुम्हाला ज्या रात्री झोप लागली नाही त्या रात्री तुम्ही जे केलंत तेच जगभर लाखो लोकांनी केलं, कुणीतरी आपल्याला हा शब्द म्हणालं आणि आपण तो शोधला.

तर होतं काय, की शब्द पसरला तसा पातळ झाला. आता त्या डिक्शनरीतही दोन अर्थ आहेत, एक मूळचा, की एखाद्याला बरेच दिवस अशा रीतीनं वागवायचं की त्याचा स्वतःच्या विचारांवरचा, आठवणीवरचा, डोळ्यांवरचा विश्वास उडेल, आणि दुसरा सैल, की स्वतःच्या फायद्यासाठी कुणाची तरी मोठी दिशाभूल करायची. आणि मुलं रोजच्या बोलण्यात वापरतात तो याहूनही सैल, तिथं "तू माझं म्हणणं खोटं ठरवतेयस" एवढ्यालाही गॅसलाइट म्हणतात. मित्र म्हणाला मी उशिरा आलोच नव्हतो, की लगेच ब्रो तू मला गॅसलाइट करतोयस. तुमची मुलगी तुम्हाला जे म्हणाली ते मला तरी या तिसऱ्या अर्थानं म्हणालेलं वाटतंय, आणि तुम्ही नेटवर जो अर्थ वाचला तो पहिला. तुम्हा दोघींच्या मध्ये एवढं अंतर पडलंय.

हे सैल वापरणं मला आवडतं का, तर नाही, स्पष्ट सांगते. ज्या बाईचा नवरा खरोखर तिच्या पर्समधले पैसे काढून घेतो आणि वर तूच कुठंतरी विसरलीस म्हणतो, तिच्यासाठी हा शब्द शिल्लक राहायला हवा. प्रत्येक मतभेद गॅसलाइटिंग झाला तर ती बाई उद्या हा शब्द बोलेल तेव्हा समोरचा म्हणेल हं, आजकाल सगळेच म्हणतात. हे नुकसान खरं आहे. पण शब्दाचं नुकसान तुमच्या मुलीनं केलेलं नाही, ती तिच्या आजूबाजूला जी भाषा आहे ती बोलतेय, आणि आपणही आपल्या वयात "टेन्शन", "डिप्रेशन" असेच वापरत आलोय ना. म्हणून मिस्टरांना सांगा की फॅशन कपड्यांची असते, मुलगी फोन ठेवून देते तेव्हा तिला काहीतरी लागलेलं असतं.

आता दुसरा प्रश्न, तुम्ही तसं केलंय का.

मूळ गोष्टीत बघा काय काय आहे. नवऱ्याला खरं माहितीय. तसबीर त्यानंच काढलीय आणि तो तिला विचारतोय कुठं ठेवलीस. त्याचा त्यात फायदा आहे. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा, महिनोन्महिने चाललंय. आणि सत्ता सगळी त्याच्या हातात, पैसा घर नोकर सगळं, तिला बाहेर कुणी नाही. पेज स्वीट नावाच्या एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये यावर लिहिलं, त्यांचं म्हणणंच हे की गॅसलाइटिंग नुसतं दोन मनांचं भांडण नसतं, ते जिथं एकाकडे जोर जास्त आणि दुसऱ्याकडे कमी असतो तिथंच चालतं, आणि बाईला "तू भावनिक आहेस, तुला कळत नाही" असं ठरवायला समाज आधीच तयार बसलेला असतो. तुमच्या बाबतीत, तुम्हाला जे आठवतं ते तुम्ही खरं समजून बोललात. लपवलेलं काही नाही, डाव नाही. आपल्याकडे "वेड्यात काढणं" म्हणतात, त्यातसुद्धा काढणाऱ्याला माहीत असतं की तो काढतोय. तुम्हाला तसलं काही माहीत नव्हतं.

दोघींना एकच गोष्ट दोन तऱ्हेनं आठवते यात दोघींपैकी कुणीही लबाड असायची गरज नाही. एक अभ्यास आहे, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर दीड मिनिटाच्या आत फुटलं, सातही जण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एमरी युनिव्हर्सिटीत उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की तुम्हाला ही बातमी कुठं कळली, कुणी सांगितली, तुम्ही काय करत होतात. अडीचेक वर्षांनी त्याच मुलांना तेच पुन्हा विचारलं. बऱ्याच जणांच्या उत्तरात जागा बदलली, माणसं बदलली, सगळंच बदललं, आणि तरी ते ठामपणे सांगत होते. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला तेव्हाही काही जण आपलं आत्ताचंच बरोबर मानत राहिले. हे अडीच वर्षांत झालं काकू, आणि तुमच्या मुलीच्या दहावीला दहा वर्षांच्या वर होऊन गेली. तुमची आठवणही त्या कागदासारखी तपासता येणार नाही आणि तिचीही नाही.

आणि मला तर वाटतं तुम्हा दोघींचंही बरोबर असू शकतं. फॉर्म तिनं स्वतः भरला असेल, हो. पण त्याआधी घरात काय काय बोलणं झालं होतं? आपल्या घरांमध्ये "नाही" असं कुणी म्हणतच नाही हो. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत ए आला की पेढे वाटतात, कौतुक होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं छान आहे, हॉबी म्हणून ठेव. काका विचारतात त्यात स्कोप काय. शेजारच्या मुलाची इंजिनिअरिंगची ऍडमिशन चार वेळा जेवताना निघते. क्लासची फी भरून झालेली असते. पंधरा-सोळा वर्षांची पोर हे सगळं ऐकते आणि एक दिवस स्वतःच्या हातानं सायन्सचा फॉर्म भरते, आणि सगळे म्हणतात बघा, तिनंच घेतलं. तुमच्या घरी असंच झालं असं मी म्हणत नाही, मी तिथं नव्हते. पण मुलगी म्हणते जाऊ दिलं नाही आणि आई म्हणते आम्ही तर अडवलंच नाही, अशी पत्रं माझ्याकडे खूप येतात, आणि बहुतेक वेळा आत हेच निघतं.

म्हणून तुमचं ते वाक्य आपण दोघी जरा उघडून बघू. "असं काही झालंच नव्हतं, तू मनाचं काहीतरी धरून बसलीयस." यात दोन तुकडे आहेत. पहिल्या तुकड्यात तुम्ही स्वतःची आठवण सांगितली, पण ती आठवण म्हणून सांगितली नाही, निकाल म्हणून सांगितली. दुसऱ्यात तुम्ही तिच्या मनाबद्दल बोललात. मला आठवत नाही असं म्हणणं वेगळं आणि तुझ्या मनाचा खेळ आहे म्हणणं वेगळं. तिला लागला तो दुसरा तुकडा. मी वर सांगितलं ना, तो म्हातारा अधिकारी फक्त दिव्याकडे बघतो, तिला तुमच्याकडून तेवढंच हवं होतं, तुम्ही गुन्हा कबूल करावा असं नाही, तिला जे दिसतंय त्याकडे तिच्याबरोबर एकदा बघावं. तिनं शब्द जास्तीचा मोठा वापरला, पण ज्या जागी बोट ठेवलं ती जागा बरोबर आहे.

आता बोलायचं कसं. फोनवर हा विषय पुन्हा काढू नका, आवाज चढला की ठेवायला एक बटण पुरतं. आधी एक छोटा मेसेज टाका, तुमच्या शब्दांत, पण साधारण असा की "मी त्या दिवशी तुझ्या मनाचं आहे म्हणाले, ते मी बोलायला नको होतं. मला जे आठवतं ते वेगळं आहे, पण तुला काय आठवतंय ते मला नीट ऐकायचंय, तू आलीस की किंवा मी येते." बस. त्यात "पण तूही आईला असं बोलायचं का" हे घालू नका, कितीही मनात आलं तरी, त्या एका ओळीनं वरचं सगळं वाया जाईल.

भेटलात की तिला विचारा, तेव्हा काय झालं असं तुला आठवतं, कुठल्या खोलीत, कोण होतं, मी काय म्हणाले होते. आणि ती सांगेल तेव्हा मध्ये दुरुस्ती करू नका. तारीख चुकेल, कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी घालेल, घालू दे. मावशीला साक्षीला बोलवू नका, जुन्या फाइलमधून तो फॉर्म काढून समोर ठेवायचा मोह झाला तरी ठेवू नका, हे कोर्ट नाहीये. तिचं सगळं बोलून झालं की मग तुमचं सांगा, आणि दर वाक्य "मला आठवतंय" नं सुरू करा. त्या वेळी तुम्हाला काय भीती वाटत होती तेही सांगा, पैशाची असेल, मुलगी लांब जाईल याची असेल, लोक काय म्हणतील याची असेल, जी असेल ती. आपण मुलांना निर्णय सांगतो पण त्यामागची भीती कधी सांगत नाही, आणि मोठी झालेली मुलं ती फार चांगली समजून घेतात असा माझा अनुभव आहे. आणि ऐकताना जर तुम्हाला खरंच जाणवलं की हो, आपण तेव्हा रेटलं होतं, तर तसं म्हणा. नाही जाणवलं तर खोटं कबूल करू नका, तिला ते कळेल.

शब्दाबद्दल तिच्याशी बोलावं का? बोला, पण त्याच दिवशी नाही. मी वर जी गोष्ट सांगितली ती घेऊन "बघ, याचा खरा अर्थ असा आहे, मी असली का" असं गेलात तर ती पुन्हा गप्प होईल, आणि बरोबरच आहे, तिनं दुखणं सांगितलं आणि तुम्ही व्याकरण काढलंत असं होईल ते. महिना-दोन महिन्यांनी, सगळं निवळल्यावर, मोकळेपणानं सांगा की तो शब्द मला फार लागला, मी रात्रभर जागी होते. हे सांगायचा तुम्हालाही पूर्ण हक्क आहे. आई झाली म्हणून तिला लागत नाही असं नसतं आणि हे २७ वर्षांच्या मुलीला कळायलाच हवं.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांपैकी कुणाला वरची बेला वाचताना आपलंच घर दिसलं असेल तर तुमच्याशी दोन शब्द. वस्तू हलवल्या जातात आणि तुमच्यावर येतं, काल बोललेलं आज नाकारलं जातं, माहेरी-मैत्रिणींशी बोलणं तुटत चाललंय, आणि तुम्ही प्रत्येक गोष्टीत स्वतःवरच शंका घ्यायला लागलाय, असं महिनोन्महिने चाललं असेल तर ते मतभेद नाहीत. झालेलं त्याच दिवशी तारखेसकट लिहून ठेवा, आणि ते घरात सापडेल अशा जागी ठेवू नका. विश्वासाच्या एका तरी माणसाला सांगा. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, अपमान, भावनिक छळ हेही हिंसेत येतं, फक्त मारच नाही. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन नंबर आहे, आणि मनावर फार ताण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, दोन्ही फुकट आहेत, १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. आणि हे फक्त नवऱ्याकडूनच होतं असं नाही, सासू, सून, मुलगा, बॉस, कुणाकडूनही होतं, आणि पुरुषांच्या बाबतीतही होतं.

आणि काकू, तो १९४४ चा सिनेमा बघावासा वाटला तर जरूर बघा, फार चांगला आहे, पण आधी तुम्ही आणि मिस्टर मिळून बघा. मुलीला त्याची लिंक आत्ता पाठवू नका. मेसेजला दोन-तीन दिवस उत्तर आलं नाही तर पुन्हा पुन्हा विचारू नका, रोजचं जे बोलणं असतं, जेवलीस का, डबा कसा होता, ते नेहमीसारखं चालू ठेवा. ती बोलायला बसेल त्या दिवशी मिस्टरांनाही बरोबर बसवा, तो निर्णय तुमच्या एकटीचा नव्हता आणि उत्तर देणंही तुमच्या एकटीवर यायला नको.